परसातलं अर्थिंग

१

कॉम्प्युटरजवळ बसायचे पाच नियम राजरत्ननं पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरच्या वर टांगले होते. नायलॉनची साडी नको, सुतीच. फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसायची. कोपऱ्यात पाण्याचं घमेलं भरून ठेवायचं, म्हणजे उन्हाळ्यात खोलीतली हवा फार कोरडी पडत नाही. बसण्याआधी खिडकीच्या गजाला हात लावून अंगातला करंट सोडून द्यायचा. आणि पाचवा नियम, ज्याच्याखाली त्यानं लाल पेनानं दोन रेघा ओढल्या होत्या: उघड्या अंगानं कॅबिनेटच्या पत्र्याला शिवायचं नाही, पायात चप्पल पाहिजेच.

"विहारात जाताना सुद्धा एवढं बंधन न्हाई हो," त्याची बायको आम्रपाली म्हणायची. पण पाळायची सगळं. पुण्याच्या एका ऑफिसनं काढून टाकलेला तो कॉम्प्युटर त्यांनी सत्त्याण्णवच्या संक्रांतीला घरी आणला होता, आणि त्यावर ती छापखान्याचं टायपिंग करायची. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, हळदीच्या अडत्यांची बिलबुकं. राजरत्न कुपवाडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. दोघं सांगलीच्या गावभागात तवनाप्पा नावाच्या हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात, मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते.

राजरत्न उगाच घाबरट नव्हता. दोन वर्षांपूर्वी ते साताऱ्याला होते तेव्हा आम्रपालीला पाणी तापवायच्या कॉइलचा झटका बसला होता, आणि आठवड्याभरात पाचव्या महिन्यातलं पोर गेलं होतं. डॉक्टरांनी दहादा सांगितलं की ह्याचा त्याच्याशी संबंध नाही. पण ज्याचा सगळा जन्म तारांत गेला त्याला हे कसं पटणार? ती कॉइल त्यानं स्वतः जोडली होती. आता आम्रपालीला पुन्हा चौथा महिना होता, आणि ह्या वेळचं पोर जगलं पाहिजे, ह्यापलीकडे त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मॉनिटरच्या काचेजवळ हात नेला की हातावरची लव उभी राहायची, चरचर आवाज यायचा. त्याला नियम पुरे होते. कॅबिनेटचं मात्र वेगळं होतं. पत्र्याला बोट लागलं की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या, टेस्टर लावला की लाल दिवा लागायचा. कारण उघड होतं. घर जुनं, तीन पिनांच्या बोर्डात वरचं जाड भोक नुसतं शोभेला होतं. त्याच्यामागं तारच नव्हती. अर्थिंग केल्याशिवाय सुटका नव्हती.

२

तवनाप्पांनी आढेवेढे न घेता परवानगी दिली. "खणा की गड्या, मागं कुठं बी खणा. नळाची पाइप तेवढी संभाळा," म्हणाले आणि पेढीवर गेले. त्यांची बायको पद्मावतीआक्का आठ दिवसांसाठी कुंभोजला बाहुबलीच्या यात्रेला गेल्या होत्या. घरात विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

राजरत्ननं जागा निवडली ती खिडकीच्या अगदी मागं, भिंतीला लागून, वळचणीखाली. तार जितकी आखूड तितकं अर्थिंग चांगलं. रविवारी सकाळी त्यानं पहार घेतली. कमरेइतकं खणून झालं तेव्हा पहार दगडावर वाजली. माती बाजूला केली तर पाटाएवढी शहाबादी फरशी, नीट सपाट बसवलेली. ती त्यानं उचलून कडेला लावली.

खाली मीठ होतं.

खडेमीठ. सुपात मावेल एवढ्या जागेत दाबून भरलेलं, पांढरं आणि कोरडं. त्यानं एक खडा जिभेवर ठेवून पाहिला. मीठच. मग तो एकटाच हसला. अर्थिंगचा खड्डा भरताना तळाला मीठ आणि कोळसा घालतात हे त्या धंद्यातल्या पोरालासुद्धा माहीत असतं. म्हणजे कुणी तरी जुन्या वायरमननं इथं आधीच अर्थिंग केलेलं होतं. आयतं काम मिळालं. कोळशाचा एक तुकडा दिसला नाही, तांब्याची पट्टी दिसली नाही, ह्याचं त्याला नवल वाटायला हवं होतं. तो म्हणाला, गंजून गेली असेल. इतक्या वर्षांत मीठ विरघळून जायला हवं होतं, हेही त्याच्या मनात आलं. तो म्हणाला, वळचण आहे, पाऊस लागला नसेल. दुसरा एखादा माणूस थांबला असता. पण मीठ पाहून खूश होणारी माणसं ह्या एका धंद्यातच सापडतात.

भोकं पाडलेला लोखंडी पाइप त्यानं त्या मिठाच्या मधोमध उभा केला आणि वरून घण घातला. पाइप हातभर अगदी मऊ गेला, लोण्यात गेल्यासारखा. मग खालची घट्ट जमीन लागली. त्यानं आणखी मीठ ओतलं, कोळसा ओतला, चार घागरी पाणी घातलं आणि खड्डा बुजवला. पाइपचं तोंड वर उघडं ठेवलं, कारण उन्हाळ्यात त्यातून रोज पाणी घालावं लागतं. हिरवी तार खिडकीतून आत घेतली, एक फाटा बोर्डाच्या वरच्या भोकाला आणि एक सरळ कॅबिनेटच्या स्क्रूला.

टेस्टर लावला. दिवा लागला नाही. पत्र्याला बोट लावलं. मुंग्या नाहीत. राजरत्नला इतकं हलकं वाटलं की त्यानं पहारीला हात जोडले.

त्याच संध्याकाळी आम्रपाली पत्रिका टाइप करता करता थांबली. तिनं त्याचा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला.

"हललं," ती म्हणाली. "आवं, आत्ता हललं बघा."

३

पुढच्या आठवड्यात कारखान्याला सुट्टी होती. दुपारी लाइट गेली. आम्रपाली बाहेरच्या खोलीत चटईवर झोपली होती. कॉम्प्युटर झाडून घ्यायला वेळ बरा, म्हणून राजरत्ननं प्लग काढला, खिडकीच्या गजाला हात लावला आणि कॅबिनेटची मागची बाजू वळवली. सवयीनं त्यानं टेस्टर स्क्रूला टेकवला. लाइट नसतानाही टेकवला, कारण तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावायचा हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

दिवा लागला.

मंद होता, पण लागला. मग विझला. मग सावकाश परत लागला.

त्याला आधी वाटलं लाइट आली. पंख्याकडे पाहिलं, पंखा थांबलेला. गल्लीतली पिठाची गिरणी बंद होती, शेजारचा रेडिओ गप्प होता. सगळ्या गावभागात लाइट नव्हती. तरी त्यानं उठून मेन स्विच पाडला, फ्यूज उपसून खिशात घातले आणि परत येऊन बसला. कॅबिनेटची तार सोडवली. आता हातात नुसती हिरवी तार होती, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला जमीन. तिच्या टोकाला टेस्टर लावला. लागला. विझला. लागला.

राजरत्न शिकलेला माणूस. भूतबाधा, करणी, लिंबू-मिरची ह्यांना त्याच्या बापानंच घरातून हाकललं होतं. त्यानं विचार केला. टेस्टर पेटायला दोन ठिकाणांत फरक लागतो. माझे अनवाणी पाय जमिनीवर, आणि ही तारही जमिनीतच गेलेली. फरक यायला नको. तरी येतोय म्हणजे कुणाच्या तरी मोटारीचा करंट जमिनीत उतरतोय. पण मोटारी बंद आहेत. मग लांबून कुठून तरी, नदीपलीकडून, मोठ्या लाइनीचा. असेल. ओल्या जमिनीतून कुठून कुठं जाईल ह्याचा नेम नाही. पण लाइनीचा करंट असा दमादमानं येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

एरवी कारण सापडलं की त्याला बरं वाटायचं. ह्या वेळी कारण सापडूनही बरं वाटलं नाही. त्यानं तार परत स्क्रूला लावली आणि आम्रपालीला काही सांगितलं नाही.

४

आक्का यात्रेहून आल्या त्या दिवशी त्यांनी आधी प्रसाद आणून दिला, आम्रपालीच्या पोटाकडे पाहून हसल्या, आणि मग परसात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून राजरत्न मागच्या दाराशी गेला. त्या पाइपच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. पासष्टीची बाई, यात्रेतली पांढरी साडी, हातात चप्पल. चप्पल त्यांनी का काढून हातात घेतली होती हे त्याला कळलं नाही.

"हे काय केलंस रं बाळा?"

"अर्थिंग, आक्का. कॉम्प्युटरचा शॉक बसत हुता हिला. आता न्हाई बसत."

"खणताना खाली काय लागलं का?"

"मीठ लागलं. जुनं अर्थिंग असंल कुणाचं तरी."

आक्कांनी पाइपजवळची माती अनवाणी पायानं सारखी केली. मग म्हणाल्या, "व्हय. असंल." आणि थोड्या वेळानं, "पाणी घालावं लागतंय म्हणं ह्यात?"

"उन्हाळाभर. रोज तांब्याभर तरी."

"मी घालीन. तू नगंस कामातनं येऊन दमू."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्या पितळी तांब्या घेऊन यायच्या. पाणी कोमट असायचं. एकदा राजरत्ननं जवळून पाहिलं तर ते पाणीही नव्हतं. पाण्यात दूध घातलेलं होतं, चांगलं पांढुरकं. त्यानं विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांचं काही तरी असतं, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि त्या दिवशी कारखान्यात त्यानं एकच जोडणी तीनदा चुकवली.

५

चैत्र सरता सरता आम्रपालीला पाचवा महिना लागला आणि ती कॉम्प्युटरसमोरून उठेनाशी झाली. काम नसलं तरी बसायची. एके दिवशी राजरत्न लवकर घरी आला तेव्हा कॉम्प्युटर बंद होता, पडदा काळा होता आणि ती खुर्चीवर डोळे मिटून बसली होती. चपला बाजूला. उजव्या पायाचा तळवा कॅबिनेटच्या पत्र्यावर पुरा टेकवलेला.

"चप्पल कुठाय तुझी?" तो ओरडलाच.

"गार वाटतंय हो. आणि मला न्हाई बसत शॉक."

त्यानं तिला उठवायला दंड धरला आणि झटका बसून त्याचा हात मागं फेकला गेला. कोरड्या हवेत सुती-नायलॉन घासून चटका बसतो तसला हा नव्हता. खांद्यापर्यंत गेला. तिला काहीच जाणवलं नव्हतं. ती त्याच्याकडे नवलानं पाहत होती.

त्यानंतर ते फलटणला गेले, तिच्या चुलतभावाच्या लग्नाला. तीन दिवस राहिले. त्या तीन दिवसांत आम्रपाली हसली नाही की धड जेवली नाही. सगळ्यांना वाटलं उन्हाचा त्रास. परतीच्या एसटीत ती पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती. घरी आल्यावर कुलूप निघताच ती आत पळाली, पिशवीसुद्धा टाकली नाही, आणि पाय पत्र्यावर टेकवून रडायला लागली.

"हललं," ती म्हणाली. "तीन दिस एकदा बी हललं न्हाई. मी सांगितलं न्हाई तुमाला. मला वाटलं, साताऱ्यासारखंच झालं. आणि आता बघा."

राजरत्न तिच्याजवळ बसला. तो म्हणाला, प्रवासात पोर झोपतं. तो म्हणाला, बाईच्या मनावर असतं सगळं. असं बरंच काही तो म्हणाला.

६

दुसऱ्या दिवशी त्यानं कामावर दांडी मारली. सकाळी मेन पाडला, फ्यूज काढून खिशात टाकले. आम्रपाली खुर्चीवरच होती, पाय पत्र्यावर.

"जरा साडी सरकीव," तो म्हणाला. "फक्त बघतो."

त्यानं टेस्टरचं टोक अलगद तिच्या पोटाच्या कातडीला टेकवलं आणि मागच्या टोपीवर अंगठा ठेवला. टेस्टर माणसाच्या अंगाला लावायची वस्तू नव्हे. बावीस वर्षांत त्यानं ती कधी लावली नव्हती.

दिवा लागला. विझला. लागला.

तो उठून मागच्या दारी गेला आणि पायरीवर बसला. तो घाबरला होता, लहानपणी पुरात अडकला होता तेव्हाही इतका घाबरला नव्हता. आक्का तांब्या घेऊन पाइपजवळ होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

"आक्का, खाली काय हाय?"

त्यांनी फार वेळ घेतला नाही. जणू कधीपासून कुणी विचारायची वाट बघत होत्या.

"माझं पहिलं," त्या म्हणाल्या. "अठ्ठावन साल. ह्याच खोलीत झालं, तुमी ऱ्हाताय तीच. कोपऱ्यावरच्या बनुबाईनं केलं बाळंतपण, तवा ती तरणी सुईण हुती. नदीला पाणी चढलेलं, घाटाकडं जायला वाट न्हवती. म्हणून हितं ठेवलं. मीठ घालून, वर फरशी. लेकरं जाळत न्हाईत आमच्यात."

"जन्मतःच गेलं?"

"पाचव्या महिन्यापासनं नुसत्या लाथा मारत हुतं रं. रात्रंदिस. झोपू देत न्हवतं. आणि मांडीवर दिलं तवा गप्प." आक्का पाइपच्या तोंडाकडे पाहत होत्या. "मी आजवर कवा त्या जागंवर पायताण घालून आले न्हाई."

"मला आधी सांगायचं हुतं, आक्का."

"कुठल्या तोंडानं सांगू? मी आले त्याच दिशी तुझी बायको सांगत आली, आक्का, पोटात हलाय लागलंय. ज्या दिशी तार जोडली त्या दिशीपासनं."

तो उठला. पाइप उपटून काढतो, म्हणाला. म्हातारीनं त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. त्या हातांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"नगंस रं," आक्का म्हणाल्या. "चाळीस वर्सांनी..."

७

राजरत्ननं पाइप काढला नाही. त्यानं तार काढली. घरात येऊन, आम्रपालीला न विचारता, कॅबिनेटच्या स्क्रूची आणि बोर्डाची, दोन्ही टोकं सोडवली आणि हिरव्या तारेचं वेटोळं करून खिडकीबाहेर टाकलं. तेव्हा अकरा वाजले होते.

आम्रपाली भांडली नाही. ती पलंगावर जाऊन पडली आणि छताकडे बघत राहिली. बारा वाजता त्यानं विचारलं, हललं का? तिनं मान हलवली. नाही. एक वाजता त्यानं तिला साखरपाणी दिलं. थंड पाणी प्यायलं की पोर हलतं म्हणतात म्हणून शेजारून माठातलं पाणी आणलं. डाव्या कुशीवर झोपवलं, उजव्या कुशीवर झोपवलं. दोन वाजता तो तिच्या पोटाला कान लावून बसला. आत तिच्या आतड्यांचा आवाज येत होता, आणि दुसरं काही नाही. फ्यूज अजून त्याच्या खिशातच होते, पंखाही थांबलेला होता, घरात कशाचाच आवाज नव्हता.

चारला त्यांनी रिक्षा केली. दवाखान्यातल्या बाईंनी नळी लावली, जागा बदलली, पुन्हा लावली. त्यांचा चेहरा राजरत्नला ओळखता आला. साताऱ्याला हाच चेहरा दुसऱ्या एका डॉक्टरनं केला होता.

"ठोके लागत नाहीत," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सोनोग्राफी करून खात्री करू. किती दिवस झाले हालचाल थांबून?"

"सकाळपासनं," राजरत्न म्हणाला.

बाईंनी पुन्हा पोटावर हात फिरवला. पोट वरून दाबून पाहिलं. "सकाळपासून नसेल," त्या हळूच म्हणाल्या. "वाढ चौथ्या महिन्याइतकीच वाटतेय. महिनाभर तरी झाला असावा. तुमच्या लक्षात आलं नसेल."

रिक्षात आम्रपाली एकदाच बोलली.

"महिनाभर?" ती म्हणाली. "काल तर हललं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंही पाहिलं नाही. दोघांच्याही डोक्यात एकच हिशोब चालू होता, आणि तो मोठ्यानं करायची हिंमत दोघांत नव्हती. तार जोडून महिना झाला होता.

८

घरी आल्यावर आम्रपाली खुर्चीवर बसली. चपला काढल्या. पाय पत्र्यावर ठेवला.

"जोडा," ती म्हणाली.

"आम्रपाली, ऐक माझं. बाई काय म्हणाल्या..."

"ऐकलंय मी. जोडा."

"ते आपलं न्हाई."

"साताऱ्याचं आपलं हुतं," ती म्हणाली. "ते कुठं ऱ्हायलं?"

तो खिडकीशी गेला. बाहेर दिवस अजून बराच होता, परसात ऊन होतं, आणि आक्का पाइपजवळ नुसत्या बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्यानं तारेचं टोक आत ओढलं. हातात घेतलं तेव्हा ते टोक त्याच्या बोटांना ओढ देत होतं असं त्याला वाटलं. तारेला वजन असतं, वेटोळं सुटताना ती ओढ घेतेच. तो गुडघ्यांवर बसला आणि तार स्क्रूखाली घातली. स्क्रूड्रायव्हर तीनदा घसरला.

तार बसली. त्यानं टेस्टर स्क्रूला टेकवला आणि डावा तळवा तिच्या पोटावर ठेवला. का ठेवला हे त्याला नंतरही सांगता आलं नसतं. त्याला खात्री करून घ्यायची होती. काहीही नाही, सगळा मनाचा खेळ आहे, ह्याची.

काही वेळ काहीच झालं नाही. मग दिवा लागला.

लागून विझला. आणि मग, विझल्यावर, त्याच्या तळव्याखाली पोट हललं.

पुन्हा दिवा. मग लाथ. दिवा आधी लागत होता. प्रत्येक वेळी आधी. जे काही होतं ते तिच्या पोटातून तारेत जात नव्हतं, तारेतून येत होतं, तिच्या तळव्यातून वर चढून तिथं पोचत होतं. राजरत्ननं हात काढू पाहिला तेव्हा त्या ताणलेल्या कातडीखाली काही तरी त्याच्या तळव्याशी आलं आणि सपाट टेकलं. एवढंसं. त्याच्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं मोठं. त्याला त्याची पाच टोकं एकेक करून जाणवली, चौथ्या महिन्याच्या पोराला असतील त्याहून केवढी तरी मोठी, पुऱ्या दिवसांच्या पोराची. ती पाचही टोकं वळली, जणू बोट धरायला.

त्यानं मान वर करून आम्रपालीकडे पाहिलं.

आम्रपाली हसत होती. दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आता भीतीचा मागमूसही नव्हता.

"आवं," ती म्हणाली, "उद्या सोनोग्राफीला मी यायची न्हाई. मी दवाखान्यात बी जायची न्हाई. हितंच बाळंत हुणार, ह्याच खोलीत. आक्कांनी बनुबाईंना विचारलंय. त्या येतो म्हणाल्या."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. जे गेलंय ते आत तसंच ठेवलं तर तूसुद्धा जाशील, हे सांगायचं होतं. उचलून न्यावं, तिघं-चौघं माणसं बोलवावीत, फलटणला तिच्या आईला फोन करावा. आणि आत जे आहे त्याला तू जन्म देऊ नकोस, हे तर पाया पडून सांगायचं होतं. पण तिला उचललं की तिचा पाय पत्र्यावरून सुटणार, आणि पोट गप्प होणार, आणि ती पुन्हा त्याच्याकडे साताऱ्याच्या दवाखान्यात बघितलं होतं तसं बघणार. ते एकदा त्यानं पाहिलं होतं. दुसऱ्यांदा त्याला पाहवलं नसतं. खालून येणाऱ्या त्या गोष्टीपेक्षा त्याला त्या बघण्याची जास्त भीती वाटली, आणि हे त्याला त्याच क्षणी कळलं.

तळव्याखाली पुन्हा हललं.

"बरं," राजरत्न म्हणाला. आणि तार सैल राहू नये म्हणून त्यानं स्क्रू आणखी एक आटा आवळला.